लुटींतून आलेला चिमुकला सिंह

इंग्रजी भाषेनें हिंदुस्थानांतून जे शब्द उचलून नेले, त्यांत ‘लूट’ हा एक होय. बखरींतून व घरगुती बोलण्यांतून आपल्या परिचयाचा असलेला हा शब्द इ. स. १८६१ मध्यें एका लहानशा कुत्रीचें नांव होऊन थेट व्हिक्टोरिया राणीच्या राजवाड्यांत शिरला. त्या कुत्रीस ‘लूटी’ म्हणत. तिची जात पेकिनीज. आणि हें नांव तिला कां पडलें, हें पाहूं गेल्यास एका साम्राज्याच्या मानहानीची कथा हातीं लागते.

पेकिंग, म्हणजे आजचें बीजिंग, या राजधानीवरून ही जात ओळखली जाते. २००४ सालीं शास्त्रज्ञांनीं अनेक जातींच्या कुत्र्यांची जनुकीय तुलना केली, तेव्हां ज्या थोड्या जाती प्राचीन ठरल्या त्यांत पेकिनीज होती. चीन देशांत सिंह नाहीं. परंतु बौद्ध धर्माबरोबर सिंहाची प्रतिमा मात्र तेथें पोहोंचली. बुद्धाला आपल्याकडे शाक्यसिंह म्हणत. त्याच्या धर्माचा रक्षक म्हणून चिनी कारागिरांनीं दगडांत सिंह घडविला, तो कुरळ्या आयाळीचा, चपट्या नाकाचा व बटबटीत डोळ्यांचा. राजवाड्यांतील कुत्र्यांची पैदास करतांना हेंच रूप डोळ्यांपुढें ठेवण्यांत आलें. लहानांत लहान कुत्रीं तर झग्याच्या रुंद बाहींत घेऊन मिरविण्याची चाल होती.

अफूच्या दुसऱ्या युद्धानें हा राजवाडा जगापुढें उघडा पडला. या युद्धाशीं महाराष्ट्राचा संबंध अगदींच नाहीं असें नव्हे. माळव्याची अफू मुंबई बंदरांतूनच चीनला जात असे व तिच्या नफ्यावर शहरांतील कित्येक पेढ्या उभ्या राहिल्या होत्या. १८६० च्या ऑक्टोबरांत इंग्रज व फ्रेंच फौजा पेकिंगपाशीं येऊन ठेपल्या. बादशहा शिएनफंग जेहोलला निघून गेला होता. युआनमिंगयुआन नांवाचें त्याचें उद्यानगृह फौजांनीं लुटलें. पुढें वाटाघाटींस गेलेल्या माणसांपैकीं कित्येक कैदेंत हाल होऊन मेल्याचें कळल्यावर लॉर्ड एल्जिन यानें तें जाळण्याचा हुकूम दिला. हाच एल्जिन १८६२ मध्यें हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होऊन आला.

त्या लुटींत पांच पेकिनीज कुत्रीं इंग्रजांच्या हातीं लागलीं. त्यांतील चार वेलिंग्टन व रिचमंड या सरदारघराण्यांत गेलीं. पांचवी लूटी, ती कॅप्टन डन यानें राणीस नजर केली. कायल नांवाच्या चित्रकारानें तिचें चित्र काढलें, आणि १८७२ मध्यें ती परक्या देशींच मेली.

या जातीचा स्वभाव राजवाड्यास साजेसाच आहे. पेकिनीज मानी व हट्टी असतें. हांक मारतांच धांवत येणें त्यास ठाऊक नाहीं. घरच्या माणसांवर त्याचा जीव असतो, परक्यांविषयीं तें अलिप्त राहतें, आणि आपल्याहून दसपट मोठ्या कुत्र्यासमोरही मागें सरत नाहीं. ब्रिटिश केनेल क्लबच्या नियमाप्रमाणें नराचें वजन ५ किलोहून व मादीचें ५.४ किलोहून अधिक नसावें.

परंतु मनुष्याला जें रूप आवडलें त्याची किंमत या प्राण्यानें भरली आहे. कुत्र्यास आपल्यासारखा घाम येत नाहीं. धापा टाकूनच तें अंग निववितें. नाक आंखूड झालें कीं श्वासाची वाट अरुंद होते व उन्हाळा जिवावर बेततो. डोळे बाहेर आल्यामुळें त्यांस इजा लवकर होते. राजमाता त्सू-शी हिला या कुत्र्यांचें मोठें वेड होतें. तरीही बाहींत मावावींत म्हणून कृत्रिम उपायांनीं खुजीं ठेवलेलीं कुत्रीं तिला आवडत नसत, असें १९०३ मध्यें तिचें चित्र काढणाऱ्या कॅथरीन कार्ल या बाईंनीं लिहून ठेवलें आहे. युरोपांतील प्रदर्शनांनीं मात्र चेहरा अधिकाधिक चपटा करण्याची चढाओढ लावली. अखेर २००८ मध्यें केनेल क्लबनें नियम बदलून नाकाचा पुढावा स्पष्ट दिसला पाहिजे असें ठरविलें. आणि २०१२ च्या क्रफ्ट्स प्रदर्शनांत आपल्या जातींत पहिलें आलेलें पेकिनीजच पशुवैद्याच्या तपासणींत नापास झालें.

आज मुंबई-पुण्याच्या घरांतून पेकिनीज क्वचित् दिसतें. परंतु त्याच मुखवट्याचे पग व शिह-त्सू पुष्कळ दिसतात, आणि त्यांची निगाही तशीच राखावी लागते. फिरावयास पहांटे किंवा सूर्यास्तानंतर न्यावें. गळपट्ट्याऐवजीं छातीवरून जाणारा पट्टा बांधावा. दुपारीं गार जागा व ताजें पाणी असावें. बंद मोटारींत क्षणभरही ठेवूं नये. नाकावरच्या वळ्या रोज पुसून कोरड्या कराव्या. पेकिनीज व शिह-त्सू यांचे लांब केस विंचरावे, वजन वाढूं देऊं नये, आणि लांब पाठीच्या पेकिनीजास जिने उतरावयास लावूं नये. घोरणें मोठें झालें किंवा जीभ निळसर दिसली, तर कौतुक न करतां तत्काळ पशुवैद्य गांठावा.

मात्र खरी निगा पिलूं निवडतांनाच सुरू होते. गिऱ्हाईक सर्वांत चपटें तोंड मागतें, म्हणून पैदास करणारा तेंच पुरवितो. घरांत कुत्रें आणणाऱ्यानें पिलाचे आईबाप चालतांना पाहावे, त्यांचा श्वास मोकळा आहे कीं नाहीं तें ऐकावें, आणि मगच होकार द्यावा. चिमुकल्या सिंहाचें रूप राजवाड्यानें ठरविलें. त्याला मोकळा श्वास मिळावा कीं नाहीं, हें आतां विकत घेणाऱ्या कुटुंबाच्या हातीं आहे.