रोलान बिकॉव्ह आणि त्याचे बालचित्रपट

मुलांसाठीं लिहावयाचें म्हणजे गोड लिहावयाचें, अशी एक समजूत आपल्या सुशिक्षित वर्गांत दृढ झालेली आहे. दुष्टास शासन, सज्जनास बक्षीस आणि अखेरीस एखादें बोधवचन, एवढें साधलें कीं बालांविषयींचें आपलें कर्तव्य संपलें, असें पुष्कळांस वाटतें. या समजुतीशीं ज्यानें चित्रपटाच्या क्षेत्रांत जवळजवळ जन्मभर झुंज दिली, त्या रोलान बिकॉव्ह या सोव्हिएत नटाचें व दिग्दर्शकाचें चरित्र म्हणूनच विचार करण्याजोगें आहे. मॉस्कोहून मराठींत भाषांतरित होऊन आलेलीं बालपुस्तकें एके काळीं आपल्या पुष्कळ घरांतून वाचलीं जात. परंतु त्याच भूमींतील या कलावंताचें नांव आपल्याकडे फारसें ऐकूं येत नाहीं.

बिकॉव्हचा जन्म १९२९ सालीं कीव्ह शहरीं झाला. मॉस्को येथील श्चुकिन नाट्यविद्यालयांतून १९५१ सालीं बाहेर पडल्यावर त्यानें सुमारें सात वर्षें तेथील बालप्रेक्षकांच्या नाट्यगृहांत काम केलें. ही उमेदवारी त्याच्या पुढील कर्तृत्वाचा पाया होय. प्रौढ प्रेक्षक कंटाळला तरी शिष्टाचार म्हणून बसून राहतो. मूल कंटाळलें कीं तत्काळ चुळबूळ करूं लागतें. अशा निर्भीड परीक्षकांसमोर ज्यानें वर्षानुवर्षें उभें राहावें, त्याच्या अंगीं खोटेपणाचा तिटकारा बाणल्यास नवल नाहीं.

बिकॉव्ह शरीरानें ठेंगणा होता. नायकाचें रूप त्यास लाभलें नव्हतें. १९५९ सालीं अलेक्सेई बातालोव्हनें गोगोलच्या 'ओव्हरकोट' या कथेवर चित्रपट काढला, त्यांतील दीन कारकुनाची भूमिका बिकॉव्हकडे आली. कचेरींतील सोबत्यांच्या टवाळीस रोज तोंड देणारा, कोणाच्या अध्यांतमध्यांत नसणारा तो बापुडा जीव त्यानें असा उभा केला, कीं त्याचें नांव झालें. ही भूमिका वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पंचवीस वर्षांनीं तीच व्यथा एका शाळकरी मुलीच्या रूपानें त्याच्या चित्रपटांत परत येणार होती.

दिग्दर्शक म्हणून त्याचा पहिला चित्रपट 'सात दाया' हा १९६२ सालचा. परंतु त्याची खरी झेप १९६६ च्या 'आयबोलित-६६' मध्यें दिसली. चुकोव्हस्कीच्या बालकथांतील पशुवैद्य आयबोलित व दरोडेखोर बार्मालेय यांची ही कथा. बार्मालेयचें काम बिकॉव्हनें स्वतःच केलें. नाटकाची रंगभूमि, सर्कशींतील विदूषक आणि चित्रपट यांचें त्यानें यांत मिश्रण केलें. पडद्यावरील चौकटीचा आकारही तो मनास येईल तसा बदलीत गेला. यांतला बार्मालेय निव्वळ दुष्ट नाहीं. लोकांना सुखी करण्याची वैद्याची रीत फार मंद आहे, आपण सर्वांस एका क्षणांत सुखी करूं आणि जो सुखी होण्यास नाकारील त्यास वांकवूं, अशी त्याची प्रतिज्ञा आहे! मुलें हंसलीं; पण सक्तीच्या सुखाच्या राज्यांत राहणाऱ्या त्यांच्या आईबापांस या विनोदांतील कांटा जाणवल्यावांचून राहिला नसेल.

त्या राज्याचा अनुभव बिकॉव्हलाही लवकरच आला. १९६७ सालीं तयार झालेला अस्कोल्दोव्हचा 'कमिसार' हा चित्रपट, ज्यांत त्यानें एका गरीब ज्यू कथिलकाराची अविस्मरणीय भूमिका केली, तो सरकारनें वीस वर्षें कुलपांत ठेवला. अशा काळांत बालचित्रपट हें त्याला आडोशाचें स्थान वाटलें असेल, असा तर्क कोणी करील. पण त्याचे चित्रपट पाहतां हा तर्क टिकत नाहीं. १९७० च्या 'सावधान, कांसव!' मध्यें लहान शाळकरी मुलें वर्गांतील कांसवाच्या पाठीचा टणकपणा अजमावण्यास निघतात, आणि हा प्रयोग अखेर लष्करी रणगाड्यापर्यंत जाऊन पोंचतो. मुलें निष्पाप असतात हें खरें. परंतु कुतूहल आणि क्रौर्य यांमधील सीमा त्यांना कोणी तरी दाखवावी लागते, हा त्यांतील गंभीर विचार होय.

त्याची सर्वश्रेष्ठ कृति म्हणजे १९८४ सालीं प्रदर्शित झालेला 'बुजगावणें'. झेलेझ्निकोव्हच्या कथेवरील या चित्रपटांत लेना ही मुलगी आजोबांकडे एका लहान गांवीं येते. तेथें एका मित्राचा अपराध ती आपल्या माथीं घेते आणि सारा वर्ग तिच्यावर उलटतो. तिला वाळींत टाकतात, तिचा पाठलाग होतो, तिचा पोशाख चढविलेला पुतळा जाळण्यांत येतो. शिक्षिकेस सत्य ठाऊक असतें, पण स्वतःच्या विवाहाच्या आनंदांत तिला त्याची आठवण राहत नाहीं. क्रिस्तिना ओर्बाकायते हिनें लेनाची व प्रसिद्ध विदूषक युरी निकुलिन यानें आजोबांची भूमिका केली.

आमचीं मुलें इतकीं निर्दय नसतात, असा गिल्ला त्या वेळीं झाला. एवढें क्रौर्य मुलांस दाखवावें काय, हा प्रश्न पोकळ नाहीं. अगदीं लहान वयाच्या मुलांसाठीं हा चित्रपट नव्हेच. परंतु यांत जें दाखविलें आहे तें शाळेंत जाणाऱ्या कोणत्या मुलास नवीन आहे? तें नवीन असतें तें फक्त आपणां वडील माणसांस. शिवाय बिकॉव्ह कोणास राक्षस ठरवीत नाहीं. छळणाऱ्या मुलांचे एकटेपण व भीतीही तो दाखवितो, आणि त्यांना पश्चात्ताप होतो तेव्हां लेना व आजोबा, घर आणि चित्रसंग्रह गांवास देऊन, निघून चाललेलीं असतात. उशिरां मागितलेली क्षमा झालेलें नुकसान भरून काढीत नाहीं, हें मुलांना सांगण्यास धैर्य लागतें. १९८६ सालीं सोव्हिएत संघाचें राज्य पारितोषिक त्यास मिळालें.

पुढें १९८९ मध्यें त्यानें बालांच्या चित्रपटांसाठीं मॉस्कोंत एक केंद्र उभारलें. पण थोड्याच काळांत तें राज्यच मोडलें, आणि अशा चित्रपटांना पोसणारा सरकारी पैसाही आटला. १९९८ सालीं त्याचा अंत झाला.

मुलांवर प्रेम करणारे कलावंत पुष्कळ असतात. मुलांचा आदर करणारे विरळा. मुलाला सत्य पेलतें, असा विश्वास बाळगणें हाच तो आदर होय. आपलीं मुलें काय पाहतात याची चिंता आपण रोज करतों. शाळेच्या आंगणांत तीं काय सोसतात, किंवा काय करतात, याची विचारपूस आपण कितीशी करतों?