हितकर ज्ञानाची याचना

इस्लामी परंपरेंत धर्माध्ययनास बसण्यापूर्वीं ज्ञानवृद्धीची याचना करण्याचा प्रघात आहे. तिचा आधार कुराणाच्या ‘ताहा’ नामक विसाव्या अध्यायांत सांपडतो. परंतु हदीसग्रंथांतील दुआंत नुसतें ज्ञान मागितलेलें नाहीं. त्याला ‘नाफिअ’, म्हणजे हितकर, हें विशेषण जोडलेलें आहे. पहाटेच्या नमाजानंतर महंमद पैगंबर अशा ज्ञानाची याचना करीत, असें त्यांच्या पत्नी उम्म सलमा यांच्या हवाल्यानें इब्न माजा यांच्या संग्रहांत नोंदलेलें आहे. आणि जें ज्ञान हितकर नाहीं त्यापासून ईश्वराचा आश्रय मागणारी दुआ मुस्लिम यांच्या संग्रहांत आहे. विद्या म्हटली कीं ती तारकच, असें मानणाऱ्यास हें भय थोडें चमत्कारिक वाटेल.

तें भय एका थोर विद्वानास प्रत्यक्ष भोगावें लागलें. तूस येथें १०५८ सालीं जन्मलेले अबू हामिद अल्-गझाली यांना सेल्जुक वजीर निझाम-उल्-मुल्क यांनीं १०९१ सालीं बगदादच्या निझामिया विद्यालयांत मुख्य अध्यापक नेमलें. त्यांच्यापुढें तीनशें विद्यार्थी बसत. अशा वैभवांत, १०९५ सालीं, त्यांची वाचाच बसली. घांस गिळवेना, वैद्यांनीं हात टेकले. आपण शिकवितों ती विद्या परलोकीं निरुपयोगी, आणि आपला हेतु कीर्तीचा, असा निवाडा त्यांनीं स्वतःच लिहून ठेवला आहे. मक्केस जातों असें सांगून ते निघाले, आणि दमास्कसला मशिदीच्या मिनारांत दार लावून बसूं लागले.

त्यानंतरच्या एकांतवासांत सिद्ध झालेल्या ‘इह्या उलूम अद्-दीन’ या चाळीस प्रकरणांच्या ग्रंथाचें पहिलें प्रकरण ज्ञानावरच आहे. तेथें गझाली विद्येचा तिरस्कार करीत नाहींत. उलट, कित्येक गांवांत मुसलमान वैद्य मिळत नाहीं, विद्यार्थी मात्र धर्मशास्त्रावर तुटून पडतात, कारण त्यायोगें काझीपद व वक्फांचा कारभार हातीं येतो, असा त्यांचा बोचरा आक्षेप आहे. हितकर ज्ञानांत वैद्यक आणि हिशेबही येतात, हें त्यांचे टीकाकार पुष्कळदां विसरतात.

एका जुन्या शिष्यानें, इतकें शिकलों त्यापैकीं कबरेंत उपयोगीं काय पडेल, असें त्यांना पत्रानें विचारलें आणि नित्य म्हणावयास एक दुआही मागितली. उत्तरांत त्यांनीं अरण्यांत सांपडलेल्या वीराचा दाखला दिला: जवळ दहा हिंदी तरवारी असल्या तरी त्या चालविल्यावांचून सिंह टळत नाहीं. मग पत्राच्या अखेरीस त्यांनीं मागितलेली दुआ लिहून दिली, आणि ती नमाजानंतर विशेषेंकरून म्हणावी असें कळविलें.