कान्हेरी लेणी : पर्यटन, पर्यावरण आणि सौरऊर्जा – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
मुंबई उपनगराचा इतिहास बहुधा रेल्वे, कारखाने व गृहवसाहती यांच्या अंगाने लिहिला जातो. बोरिवलीच्या पूर्वेकडील कान्हेरी लेणी मात्र माणसांची ये-जा आणि निसर्गाची क्षमता यांच्या परस्परसंबंधाचा प्रदीर्घ पुरावा पुरवितात. प्रस्तुत लेखात या संबंधाचा थोडक्यात आढावा घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
कृष्णगिरीच्या काळ्या पाषाणात शंभराहून अधिक लेणी खोदली गेली. येथील भिक्षुसंघाचे जीवन पावसाच्या पाण्यावर अवलंबून होते. उतारावर पन्हळी कोरून ते पाणी लेण्यांलगतच्या टाक्यांत साठविले जाई. शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले असून त्या दान देणाऱ्यांचे उल्लेखही आढळतात. लेणे क्र. ९० मधील इ.स. १००९ व १०२१ चे पहलवी लेख येथे आलेल्या पारशी प्रवाशांची नावे नोंदवितात. म्हणजेच या स्थळास बाहेरून भेट देण्याची परंपरा किमान हजार वर्षांची आहे.

ब्रिटिश काळात याच डोंगररांगेत विहार (१८६०) व तुळशी (१८७९) हे तलाव बांधले गेले. पाणलोट क्षेत्र म्हणून जंगलाचे महत्त्व वाढले. पुढे ते राष्ट्रीय उद्यान झाले व त्यास संजय गांधी यांचे नाव देण्यात आले.

पर्यटनाचा भार :
सुमारे १०४ चौ.कि.मी.च्या या उद्यानास आज तिन्ही बाजूंनी महानगराने वेढले आहे. महाशिवरात्रीसारख्या दिवशी कान्हेरीस मोठी गर्दी होते. वाहनांचा धूर, प्लास्टिकचा कचरा आणि माकडांना खाऊ घालण्याची सवय यांचा ताण वन्यजीवनावर पडतो.

सौरऊर्जेची भूमिका :
लेणी अरण्याच्या गाभ्यात असल्याने तेथे वीजवाहिनी वा नळाचे पाणी पोहोचलेले नव्हते. मे २०२२ मध्ये बुद्धपौर्णिमेस नव्या पर्यटक सुविधांचे उद्घाटन झाले, तेव्हा विजेसाठी सौरसंच व जनित्र, तर पाण्यासाठी कूपनलिका अशी व्यवस्था करण्यात आली. तारा व खांबांसाठी वृक्षतोड टळते, हा सौरसंचाचा प्रमुख लाभ होय. मात्र जोडीस जनित्र असल्याने इंधनावरील अवलंबन पूर्णतः संपलेले नाही. शिवाय याच उद्यानातील अनेक आदिवासी पाडे वर्षानुवर्षे विजेविना राहिले, ही बाबही दुर्लक्षून चालणार नाही.

निष्कर्ष :
पोढी व सौरसंच या दोहोंमागील तत्त्व एकच आहे : जे जागेवर उपलब्ध आहे त्यावर गरज भागविणे. परंतु पोढीत साठेल तितक्याच पाण्यावर वर्ष काढावे लागत असल्याने वस्तीस आपोआप मर्यादा पडे. सौरसंच अशी मर्यादा घालीत नाही. उलट सोयी वाढल्या की गर्दीही वाढू शकते. म्हणून सौरऊर्जेसोबत दैनंदिन पर्यटकसंख्येचे नियमन, खाजगी वाहनांवर निर्बंध आणि पाड्यांना ऊर्जेचा समान वाटा या गोष्टी झाल्या, तरच कान्हेरीचे पर्यटन पर्यावरणपूरक म्हणता येईल.