पाखरांची नोंद आणि गावाचे नाव

विजयादशमीस शमीपूजन आटोपले की तेलंगणातील गावकरी वेशीबाहेर माळाकडे निघतात, ते एका पाखराच्या दर्शनासाठी. तेलुगूत त्यास पालपिट्ट म्हणतात. मराठीत तो नीलपंख किंवा चास. स्वस्थ बसलेला असता मातकट दिसणारा हा पक्षी झेपावताच त्याच्या पंखांतील निळाई प्रकट होते, आणि ती दृष्टीस पडली म्हणजे वर्ष सुखाचे जाणार, अशी श्रद्धा आहे. तेव्हा पक्षी पाहण्याकरिता चार माणसांनी मिळून गावाबाहेर जावे, ही चाल आदिलाबादच्या मुलखात काही दुर्बिणीबरोबर आलेली नव्हे. पक्षिनिरीक्षक मंडळांची एक दिवसाची सहल तिच्यात भर घालते ती एका वहीची. भाविक दर्शनाचे पुण्य घेऊन परततो. निरीक्षक तारीख, वेळ, ठिकाण, जात आणि संख्या लिहून परततो. या पाच रकान्यांपैकी ‘ठिकाण’ हा सर्वांत सोपा वाटतो. इतिहास मात्र असे सांगतो की पुष्कळदा सगळा पुरावा त्याच रकान्यावर तोललेला असतो.

आपल्या देशात पाखरांची शास्त्रीय नोंद दीर्घकाळ बंदुकीच्या साहाय्याने झाली. पक्षी मारावा, कातडे पेंढा भरून जतन करावे आणि पायास चिठ्ठी बांधावी, अशी रीत होती. या अभ्यासास संस्थेचे रूप आले ते १८८३ साली, मुंबईत आठ गृहस्थांनी निसर्ग इतिहास संस्था स्थापिली तेव्हा. त्यांत सहा युरोपीय आणि दोन एतद्देशीय होते: प्रार्थनासमाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. ज्यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य गोव्यात चोडण बेटावर १९८८ पासून आहे, त्या सालिम अलींनी १९३१-३२ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानाची पक्षिपाहणी केली आणि तिचा वृत्तांत याच संस्थेच्या नियतकालिकात १९३३-३४ मध्ये प्रसिद्ध झाला. संस्थानातील पाखरांच्या पुढील प्रत्येक चर्चेस हा वृत्तांत आधारभूत ठरला.

आता त्या काळचा आदिलाबाद जिल्हा डोळ्यांपुढे आणावा. किनवट आणि राजुरा हे तालुके त्याच्या पोटात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते मुंबई राज्याच्या नांदेड जिल्ह्यात आले आणि राजुरा पुढे १९५९ साली चांदा जिल्ह्यास जोडला गेला. उरलेल्या जिल्ह्याचे ऑक्टोबर २०१६ मध्ये चार भाग पडले: आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमुरम भीम आसिफाबाद. म्हणजे १९३१, १९६० आणि २०२० अशा तीन सालांच्या नोंदींत केवळ ‘आदिलाबाद’ एवढेच लिहिलेले असेल, तर ती तीन निरनिराळी क्षेत्रे होत. त्या नोंदी शेजारी ठेवणाऱ्यास एखादी जात जिल्ह्यातून नाहीशी झाली असे वाटेल, आणि वस्तुतः पाखरू आपल्या झाडावरच असेल. हललेली असेल ती सरकारी सीमारेषा. पैनगंगा, कडेम आणि प्राणहिता या नद्यांनी मात्र आपली नावे बदलली नाहीत.

अपुऱ्या ठिकाणाने घोटाळा होतो, तर खोट्या ठिकाणाने शोधच आडमार्गाला लागतो. रानपिंगळा या लहानशा घुबडाचे वर्णन ॲलन ह्यूम यांनी १८७३ साली केले. खानदेशातील सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी १८८४ पर्यंत त्याचे काही नमुने मिळविले आणि नंतर तो दिसेनासा झाला. तथापि रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक नमुना होता. त्याच्या चिठ्ठीवर १९१४ साल आणि तापीकाठच्या मांडवीचे नाव होते. त्या चिठ्ठीवर विसंबून झालेले शोध विफल झाले. पुढे पामेला रासमुसेन यांनी सहकाऱ्यांसह सिद्ध केले की तो डेव्हिडसन यांचाच १८८४ चा नमुना असून, संग्रहालयातून चोरून, नव्याने पेंढा भरून, खोट्या चिठ्ठीनिशी ठेवलेला होता. ती चिठ्ठी बाजूस सारून त्यांनी खऱ्या नमुन्यांची ठिकाणे धुंडाळली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. शतकाहून अधिक काळ हरवलेला पक्षी खऱ्या चिठ्ठ्यांनी परत मिळवून दिला.

साध्या मोजणीचे मोल गिधाडांच्या प्रकरणात कळले. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात विभू प्रकाश यांनी ऐंशीच्या दशकात गिधाडे मोजून ठेवली होती. नव्वदीत पुन्हा मोजली तेव्हा ऱ्हास आकड्यांनिशी दाखविता आला. गुरांना देण्यात येणारे डायक्लोफेनॅक हे त्याचे कारण, हे २००४ साली सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरास बंदी आली. पहिली मोजणी नसती तर दुसरीस काही अर्थ नव्हता. आदिलाबादशी याचा निकट संबंध आहे. बेज्जूरच्या अरण्यातील कड्यावर २०१३ साली लांब चोचीच्या गिधाडांची वसाहत आढळली, तेव्हा तो कडा आदिलाबाद जिल्ह्यात होता. तीन वर्षांनी तो आसिफाबादेत गेला. एकाच कड्याच्या नोंदी अवघ्या तीन वर्षांत दोन जिल्ह्यांच्या नावांखाली विभागल्या गेल्या.

भारतीय पुराव्याचा कायदा १८७२ चा. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. दोन्हींत एक तत्त्व कायम आहे: नित्यक्रमाने ठेवलेल्या नोंदींस विशेष महत्त्व असते. वाद उपस्थित होण्यापूर्वी, कोणाच्या लाभासाठी नव्हे, अशा त्या लिहिलेल्या असतात, हे त्यामागील शहाणपण. हौशी मंडळांच्या वह्या याच जातीच्या आहेत. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीचा २०२३ चा अहवाल सुमारे ३० हजार निरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवर उभा असून त्यात ९४२ जातींचा विचार झाला आहे. ज्याच्या दर्शनासाठी दसऱ्यास गाव लोटते, तो नीलपंखही घटत चाललेल्यांपैकी एक, हे याच अहवालातून स्पष्ट झाले. सणाच्या दिवशी तो न दिसता तर लोकांनी नशिबास बोल लावला असता. वह्यांनी त्याचे घटणे दाखवून दिले.

म्हणून सहलीस निघणाऱ्यांनी वहीत जिल्ह्याचे नाव लिहून थांबू नये. गाव लिहावे, तळे लिहावे, ओढा लिहावा. आदिलाबादेत एकाच ओढ्यास तेलुगू, मराठी आणि गोंडी अशी वेगवेगळी नावे असणे अशक्य नाही. कळतील तितकी लिहावी. ती नकाशावर सापडतीलच असे नाही. त्यासाठी बांधावर उभ्या असलेल्या गोंड वा कोलाम शेतकऱ्यास थांबून विचारावे लागेल, आणि त्याने सांगितलेले नाव त्याच्याच उच्चाराप्रमाणे वहीत उतरवावे लागेल.