‘स्टील टाइम’: हरवलेल्या वेळेच्या नोंदीची कुळकथा

‘स्टील टाइम’ या संज्ञेतील ‘स्टील’ पोलादाचे नव्हे, चोरीचे आहे. आभासी यंत्राला काम करायचे असूनही यजमान संगणकाने प्रोसेसर दुसऱ्या कामाला दिल्यामुळे जो वेळ ताटकळण्यात जातो, त्याला ही संज्ञा लावतात. यंत्राजवळ कामच नसेल, तर तो रिकामा वेळ चोरीत धरत नाहीत.

या प्रश्नाची पूर्वपीठिका १९६७ पर्यंत मागे जाते. अमेरिकेतील केंब्रिज येथे आयबीएमच्या वैज्ञानिक केंद्रात त्या वर्षी ‘सीपी-४०’ ही प्रणाली वापरात आली आणि एका संगणकाची १४ पर्यंत आभासी यंत्रे करता येऊ लागली. अशा यंत्रातील कार्यप्रणाली, म्हणजे ‘पाहुणी’ प्रणाली, सारा प्रोसेसर आपलाच आहे असे समजून चालते, आणि तो काढून घेतला की तीही त्याच क्षणी थांबत असल्याने स्वतःची अनुपस्थिती तिला कळूच शकत नाही. लिनक्समध्ये तर ठरावीक अंतराने पडणाऱ्या घड्याळाच्या टोल्याला जो प्रोग्राम चालू सापडेल, त्याच्या खाती मधला सगळा वेळ मांडत. त्यामुळे हरवलेला वेळ निरपराध प्रोग्रामच्या माथी येई.

याची उकल आयबीएमच्याच मेनफ्रेम यंत्रांवर व्हावी, हे स्वाभाविक होते. त्यांत एक घड्याळ अखंड चालते, तर दुसरे कालमापक आभासी प्रोसेसर प्रत्यक्ष चालत असेल तेवढाच वेळ मोजते. दोहोंतील तफावत म्हणजेच गेलेला वेळ. मार्टिन श्विडेफ्स्की यांनी लिनक्सच्या हिशेबपद्धतीत त्याला जागा करून दिली, आणि मार्च २००५ मधील २.६.११ या आवृत्तीपासून प्रोसेसरच्या वेळेच्या नोंदीत ‘स्टील’ हा आठवा आकडा आला. यजमानाने प्रोसेसर दुसऱ्याला त्याच्या वाट्याप्रमाणे दिला असेल, तर त्यात चोरी कसली, असे म्हणता येईल. परंतु हे नाव पाहुण्याच्या बाजूने ठेवलेले आहे, आणि ज्याचा वेळ गेला त्याच्या दृष्टीने ते यथार्थच आहे.

इंटेल व एएमडी यांच्या प्रोसेसरांवर असे तयार कालमापक हाताशी नसल्याने यजमानाच्या साक्षीवर विसंबावे लागले. लिनक्सच्या ‘केव्हीएम’ यंत्रणेत ही सोय २०११ मध्ये आली: पाहुणा आपल्या स्मृतीतील ६४ बाइटांची जागा यजमानाला नेमून देतो, यजमान तीत गेलेला वेळ नॅनोसेकंदांत लिहितो, आणि लिहिणे चालू असेतो सोबतचा क्रमांक विषम ठेवून पुरे होताच सम करतो, जेणेकरून अर्धवट आकडा वाचला जाऊ नये. यजमानाने ही जागा भरलीच नाही, तर पाहुण्याला तेथे शून्य दिसते, मग वेळ कितीही गेलेला असो.