भिजलेला गालिचा आणि जानमाज : काय वाचवावे, काय सोडून द्यावे

डहाणू तालुक्यातल्या चिखले, घोलवड, बोर्डी या किनारी गावांमध्ये पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की साधी चादरसुद्धा दोन दिवस वाळत नाही. अशा वेळी कौल गळून किंवा ओटीवरून पाणी आत येऊन गालिचा भिजला, तर "ऊन पडेल तेव्हा वाळवू" असे म्हणून चालत नाही. भिजलेल्या कापडात साधारण २४ ते ४८ तासांत बुरशी धरायला लागते. म्हणून पहिला दिवस महत्त्वाचा.

आधी पाणी ओळखा

पुढचे सगळे यावर ठरते.

१. स्वच्छ पाणी : छतातून गळलेले पावसाचे किंवा फुटलेल्या नळाचे. गालिचा लगेच वाळवला तर वाचतो.

२. खारे पाणी : उधाणाच्या भरतीला आत शिरलेले. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे असा गालिचा वरून वाळला तरी पावसाळी हवेत पुन्हा ओलसर होतो. वाळवण्याआधी तो गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवावा.

३. पुराचे किंवा गटाराचे पाणी : यात मैला, चिखल, तेल, उंदरांचे मूत्र असते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण आणि सावित्रीच्या पुरात महाड बुडाले, तेव्हा घराघरांत शिरलेले पाणी असेच होते. अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसची लागण होऊ शकते. पायाला जखम असेल तर त्यात उतरू नका. गमबूट, रबरी हातमोजे घाला. नंतर ताप आला तर डॉक्टरांना पुराच्या पाण्याचा संपर्क झाल्याचे आवर्जून सांगा.

पहिल्या दिवशी करायची कामे

- जमिनीवर पाणी असेल तर आधी मेन स्विच बंद करा. स्वतः पाण्यात उभे राहून स्विचला हात लावू नका.
- काहीही फेकण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. तलाठ्यांच्या पंचनाम्यात ते कामी येतात.
- ओला गालिचा फार जड होतो. एका टोकाने ओढू नका, शिवण आणि पाठ फाटते. गुंडाळी करून दोघा-तिघांनी उचला.
- जुन्या टॉवेलने दाबून पाणी टिपा. घासू नका.
- दोरीवर टांगण्याऐवजी खाटेवर किंवा खुर्च्यांवर फळ्या टाकून पसरवा, म्हणजे खालूनही हवा लागेल. पंखा लावा आणि दर काही तासांनी उलटा करा.
- खालचा फोम भिजला असेल तर काढून टाका. तो आतून वाळत नाही.

कोणत्या कापडाला काय

लोकरीचा गालिचा हाताला कोरडा लागला तरी आत बराच ओलावा धरून असतो. आमच्या घरची एक लोकरी जानमाज वरून वाळली म्हणून कपाटात ठेवली, आठवड्याने काढली तर पाठीवर काळे ठिपके. तेव्हापासून मी पाठ तपासल्याशिवाय काही घडी करत नाही. लोकरीला गरम पाणी आणि ब्लीच लावू नका, ब्लीचने लोकर विरते. सुती सतरंजी, दरी साबणाने धुता येते. प्लॅस्टिक धाग्याचा गालिचा सर्वात लवकर वाळतो. तागाची पाठ असेल तर तपकिरी डाग पडतात, म्हणून तो कमी पाण्यात धुवावा. धुण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा दाबून रंग सुटतो का ते पाहा.

वास राहिला तर पूर्ण वाळल्यावर खाण्याचा सोडा भुरभुरवून रात्रभर ठेवा आणि सकाळी झटका. फरशीला ब्लीचिंग पावडर वापराल तर त्यात व्हिनेगर, अ‍ॅसिड किंवा दुसरे क्लीनर मिसळू नका, विषारी वायू होतो.

नमाजसाठी पाक कसे करावे

पावसाचे पाणी पाक आहे. छतातून गळलेल्या स्वच्छ पाण्याने जानमाज नापाक होत नाही, फक्त ती वाळवायची असते. गटाराचे पाणी लागले तर मात्र धुणे आवश्यक आहे. हनफी मसलकात तीनदा धुऊन दर वेळी पिळायचे. पिळता न येणारा गालिचा असेल तर दर वेळी थेंब गळायचे थांबेपर्यंत थांबायचे. शाफई मसलकात, जो कोकणातल्या बहुतेक घरांत आहे, नजासत निघून जाईल आणि तिचा रंग, वास उरणार नाही असे पाणी ओतून धुणे पुरेसे असते. शंका असेल तर आपल्या मस्जिदीच्या इमामसाहेबांना विचारा. डाग राहिला म्हणून घाईने फेकू नका, तसेच वस्तू धुऊन पाक झाली म्हणजे ती आरोग्याला सुरक्षित झालीच असेही समजू नका.

कधी सोडून द्यावे

मैल्याच्या पाण्यात दोन दिवसांहून जास्त राहिलेला जाड गालिचा, पाठीचा थर सुटलेला किंवा बुरशी आतपर्यंत गेलेला गालिचा घरात ठेवू नये. घरात दम्याचा पेशंट, तान्हे मूल किंवा वयस्कर वालिदैन असतील तर अजिबात नाही. अम्मीच्या हातची किंवा हजहून आणलेली जानमाज असेल तर जीव तुटतो, पण घरच्यांच्या फुप्फुसांपेक्षा ती मोठी नाही. आणि पुढच्या वर्षी मिरगाआधी चांगले गालिचे झटकून, गुंडाळून माळ्यावर ठेवा. पावसाळ्यात चटई आणि पातळ सुती जानमाज पुरते.

अल्लाह सर्वांच्या घरांची हिफाजत करो. आमीन.