बहिष्कार आणि परवाना

'बॉयकॉट' हा शब्द १८८० साली आयर्लंडात जन्मास आला. मेयो परगण्यातील जमीनदाराचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट याच्याशी खंडाच्या तंट्यात कुळांनी सर्व व्यवहार तोडले व त्याचेच नाव त्या कृतीस पडले. कुळांच्या हाती शासनसत्ता नव्हती. व्यवहार नाकारणे एवढेच त्यांचे साधन होते, ही गोष्ट या शब्दाच्या अर्थाचे मर्म होय.

२०१२ साली अमेरिकेतील चिक-फिल-ए या उपाहारगृहांचे चालक डॅन कॅथी यांनी समलिंगी विवाहास विरोध प्रकट केला, तेव्हा ग्राहकांनी हेच साधन हाती घेतले. उलट, कॅथींच्या समर्थकांनी १ ऑगस्ट रोजी त्याच उपाहारगृहांपुढे रांगा लावल्या. येथवर दोन्ही पक्षांची कृती ग्राहकाच्या अधिकारातील होती. परंतु शिकागोच्या एका नगरसेवकाने नव्या शाखेची परवानगी अडविण्याचा मनोदय जाहीर करताच प्रश्नाचे स्वरूप पालटले. न्यूयॉर्कचे तत्कालीन महापौर मायकेल ब्लूमबर्ग हे समलिंगी विवाहाचे पुरस्कर्ते. तरीही मालकाचे मत पाहून परवाना ठरविणे हे शासनाचे काम नव्हे, असे त्यांनी बजावले.

ग्राहकाचा नकार हे मताला मताने दिलेले उत्तर असते. शासनाचा नकार ही मताबद्दलची शिक्षा ठरते. त्या शिक्षेस बहिष्कार हे नाव देता येणार नाही.